उकळून पाहिलं का?

आमच्या विभागाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर सकाळी सुविचार येतात, दुपारी सुट्टीची चौकशी येते आणि संध्याकाळी आरोग्याचे सल्ले. कांदा कापून मोज्यात ठेवला की ताप उतरतो, भेंडीचं पाणी प्यायलं की साखर उतरते, असं काहीही कुणी टाकलं की लगेच खाली दोन शब्द उमटतात, "उकळून पाहिलं?" पाठवणाऱ्या सिंधू बोरस्ते. बाई निवृत्त झाल्या, पण ग्रुपमधून निघाल्या नाहीत. त्यांच्या धाकाने लोक आता सल्ला टाकण्याआधी थबकतात. मी स्वतः बऱ्याचदा टाईप केलेलं पुसलेलं आहे.

मी मनमाडचा, रेल्वेतल्या गार्डचा मुलगा. नाशिकच्या या संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवायला लागलो त्या दिवशी स्टाफरूममध्ये जाऊन बाईंना नमस्कार केला आणि म्हणालो, "तुमच्याबद्दल फार ऐकलंय मॅडम."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चांगलं की वाईट?"

"चांगलंच."

"मग उकळून पाहिलेलं नसणार. बसा पगारे, चहा घ्या."

बाई ठेंगण्या होत्या. सुती साडी, खाली मुलं घालतात तसले पळण्याचे बूट, चष्म्याला दोरी आणि हनुवटीवर एक जुना व्रण. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट होती, पण बाई जिन्यानेच चढायच्या, एका हाताने कठडा धरून, प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी टाकून मग डावा त्याच्या शेजारी आणून. त्यांचे गुडघे गेलेले आहेत हे वॉचमनलाही दिसत होतं. कुणी विचारलं, "मॅडम, दुखतंय का फार?" तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "दुखतंय असं वाटतं. उकळून पाहिलेलं नाही."

आम्ही हसायचो. त्याही हसायच्या आणि पुढची पायरी चढायच्या.

बाई निफाडकडच्या शेतकरी घरातल्या. भावाची द्राक्षबाग आहे. दर वर्षी नव्या मुलांची तुकडी आली की बाई पहिला तास वर्गात घेत नसत, गाडी करून सगळ्यांना भावाच्या बागेत नेत. मीही एकदा गेलो होतो, शिकायला कमी आणि द्राक्षं खायला जास्त. बाईंनी मुलांना ओळीत उभं केलं आणि वर बघायला सांगितलं. वर मांडव होता. लोखंडी अँगल, त्यांवर ताणलेल्या तारा, तारांवर वेल, वेलीला घड.

"काय दिसतंय?"

"द्राक्षं," सगळे म्हणाले.

"तेच तर. मांडव कुणाला दिसत नाही." मग बाईंनी सांगितलं की शरीरात पेशींच्या भोवतीही असाच मांडव असतो, प्रथिनांच्या धाग्यांचा. पुस्तकात त्याला मॅट्रिक्स म्हणतात, परीक्षेत तसंच लिहा, पण माझ्यासमोर मांडव म्हटलं तरी चालेल. शंभर वर्षं लोक पेशी बघत राहिले आणि मांडवाला नुसता आधार समजत राहिले. "हा व्रण बघा," हनुवटी पुढे करून त्या म्हणाल्या. "मी लहान होते. वरची तार तुटली आणि तिचं टोक इथे लागलं. तार जागेवर ताणलेली होती तोवर वेल तोलत होती. तुटली तेव्हा तेच लोखंड मला लागलं. मी ओरडले, सगळी माणसं काम टाकून धावत आली. लोखंड तेच होतं, फक्त तुटलं होतं."

हेच बाईंचं आयुष्यभराचं काम. मांडवातलं एखादं प्रथिन, म्हणजे समजा फायब्रोनेक्टिन, सबंध असतं तेव्हा गुपचूप पडून असतं. त्याचा तुकडा पडला की तो तुकडा जवळच्या संरक्षक पेशींना भडकवतो. पेशींना वाटतं इथे काहीतरी मोडलंय, धावा. जखम झाली तर हे चांगलंच आहे. पण गुडघ्यासारख्या झिजलेल्या सांध्यात रोज थोडं मोडतं, रोज पेशी धावत येतात, धावताना आणखी मोडतोड करतात, आणखी तुकडे पडतात आणि आणखी पेशी येतात. जंतूचा पत्ता नसताना सूज काही उतरत नाही. बाईंचं म्हणणं होतं की त्या तुकड्यालाच गाठून गप्प करता आलं तर ही साखळी तुटेल.

त्या दिवशी हे ऐकून मुलं खरंच वर तारा बघू लागली होती. बाईंचे भाऊ पक्कड हातात घेऊन मागे उभे होते. ते म्हणाले, "ताई, तुझा मांडव शिकवून झाला आसंल तर पोरांना बाहेर काढ. लय घड गेले."

"शिकताना भूक लागते रे."

"ही शिकायला नाय, खायला आली हायेत. ह्ये सर तर पोरांच्या म्होरं." 'हे सर' म्हणजे मी. मी हातातला घड पाठीमागे धरला.

आता उकळण्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण ते नीट न कळल्यामुळेच पुढचा सगळा घोळ झाला. प्रयोगासाठी हे प्रथिनांचे तुकडे पुष्कळदा जिवाणूंकडून बनवून घेतात. स्वस्त पडतं आणि भरपूर मिळतं. पण जिवाणूंच्या कवचाचा एक अंश, एन्डोटॉक्सिन म्हणतात त्याला, त्या तुकड्यांबरोबर चिकटून येतो. तो इतका जहाल असतो की त्याच्या कणाने पेशी पेटून उठतात. म्हणजे तुम्ही पेशींवर तुकडा टाकला, पेशी भडकल्या, तुम्ही टाळ्या वाजवल्या, आणि प्रत्यक्षात भडकवलं ते त्या घाणीने. हे ओळखायचं कसं? माल उकळायचा. प्रथिन अंड्यासारखं असतं, उकळलं की त्याची घडी मोडते आणि ते निकामी होतं. जिवाणूंची ती घाण मात्र उकळीला दाद देत नाही. तेव्हा उकळलेला माल टाकल्यावर पेशी शांत राहिल्या तर आधीचा भडका खरा, तुकड्याचा. उकळूनही पेशी तशाच भडकल्या तर भडका घाणीचा, तुमचा निष्कर्ष खोटा.

इथे गंमत बघा. आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं की तावून सुलाखून जे उरतं ते खरं. बाईंच्या कसोटीत बरोबर उलटं. उकळल्यावर जे उरतं ते खोटं.

ही उलटी कसोटी बाई घरीदारी सगळीकडे लावायच्या. त्यांच्या भाचीला दोन स्थळं आली होती. दोन्ही मुलं सातपूरच्या कारखान्यांत नोकरीला. पहिला मुलगा इतका गोड की बाईंनी त्याच्या कंपनीला नावं ठेवली तरी हसला, पगाराला नावं ठेवली तरी हसला, शेवटी आईच्या हातच्या पोह्यांना नावं ठेवली तरी हसला. दुसऱ्याला बाई म्हणाल्या, "तुमच्या कंपनीचे पंप दोन महिन्यांत गळतात म्हणे." मुलाचे कान लाल झाले. "कोण म्हणतं? ते पंप मी स्वतः तपासतो," म्हणाला आणि चहा तसाच ठेवून उठायला लागला. घरच्यांनी कपाळाला हात लावला. बाईंनी भाचीला आत नेऊन सांगितलं, "हा घे. गरम केल्यावर बदलतो तो माणूस. तो पहिला काहीही केलं तरी तसाच राहतो, त्याच्यात काहीतरी भेसळ आहे." भाचीने ऐकलं. जावई अजूनही तापट आहे आणि भाची मजेत आहे.

मुख्य हकीकत योगिताची. योगिता सटाण्याकडची, बाईंची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आमच्याशी शुद्ध बोलायची, फोनवर आईशी अहिराणीत. कामाला चोख, पण स्वभावाने इतकी भिडस्त की कँटीनवाल्याने चहाऐवजी कॉफी दिली तरी पिऊन टाकायची. तिची फेलोशिप संपत आली होती आणि हातात सांगण्यासारखा निकाल नव्हता. माणसाच्या गुडघ्यातून निघणारे तुकडे फार थोडे मिळायचे. म्हणून तिने तोच तुकडा जिवाणूंकडून बनवून घेतला आणि पेशींवर टाकला. पेशी अशा काही भडकल्या की यंत्रावरचा आलेख कागदाच्या वर गेला. विभागात आनंदीआनंद झाला. बाईंनी आलेख पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"उकळून पाहिलं का?"

"आता पाहते मॅडम."

दुसऱ्या दिवशी योगिताने उकळून पाहिलं. पेशी तशाच भडकल्या. तिला अर्थ कळला होता. बाईंना सांगायला ती निघाली, पण बाई अस्थिरोगतज्ज्ञाकडे गेल्या होत्या आणि जिन्यात तिला भेटले संचालक.

संचालक माणूस भला. घर सराफ बाजारातलं, तीन पिढ्यांचं सोन्याचं दुकान, स्वतः ते व्यवस्थापन शिकून इकडे आले होते. बाईंच्या उकळण्याची कीर्ती त्यांच्याही कानावर होती. त्यांनी विचारलं, "काय योगिता, उकळून पाहिलं का?"

"हो सर."

"मग?"

"तसंच राहिलं सर."

"तसंच राहिलं? वा! वा!" संचालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली गेले. योगिता जिन्यात उभी राहिली. सराफाच्या घरात तापवूनही तसंच राहिलेल्या वस्तूला काय म्हणतात हे तिला माहीत होतं, पण संचालकांना मागून हाक मारणं तिच्या रक्तात नव्हतं. त्यात दुसऱ्या दिवशी संस्थेचा वर्धापनदिन होता.

सकाळी सभागृह भरलं. दारात प्रत्येकाच्या हातावर पेढा. योगिताचे आईवडील सटाण्याहून पहाटेच्या एसटीने आले होते, संचालकांनी खास फोन करून बोलावलेले. आई नव्या लुगड्यात, दोन्ही हात मांडीवर ठेवून पहिल्या रांगेत. योगिता तिच्या शेजारी, चेहरा पांढराफटक. बाई ऐन वेळी आल्या आणि त्यांना काही कळायच्या आत मंचावर नेऊन बसवण्यात आलं. संचालक माईकसमोर उभे राहिले. "बोरस्ते मॅडमचं एक ब्रीद आहे, उकळून पाहिलं का? मला सांगायला अभिमान वाटतो की त्यांच्या विद्यार्थिनीचा निकाल काल उकळत्या पाण्यातून सोन्यासारखा जसाच्या तसा बाहेर आला."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पेढा तोंडात टाकलेला होता, तो घशात अडकला. आमच्या विभागाच्या रांगेत टाळी वाजवायला एकही हात उचलला गेला नाही.

बाईंनी योगिताकडे पाहिलं. योगिताने मान खाली घातली. बाईंना तेवढं पुरलं. त्यांच्या अंगावर शाल घातली गेली, हातात नारळ दिला गेला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. पंधरा वर्षं ही बाई एकच गोष्ट सिद्ध करायला धडपडत होती, निवृत्ती तोंडावर होती, समोर पाहुणे होते, आणि नुसतं "आभारी आहे" म्हणून खाली बसता आलं असतं.

"शाल ठेवते, थंडी आहे," बाई म्हणाल्या. "निकाल परत घेते."

सभागृहात कुणाला काही समजेना. बाईंनी मग अंड्याचं उदाहरण देऊन सगळं सांगितलं, प्रथिन काय, घाण काय, उकळल्यावर उरतं ते काय. आवाज अजिबात चढला नाही. शेवटी संचालकांकडे वळून म्हणाल्या, "सर, तुमची कसोटी बरोबर आहे, सोन्यासाठी. आमचा माल अंड्यातला." लोक हसले आणि संचालकही हसले. पण योगिताच्या आईला हसू आलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ती बाईंसमोर येऊन उभी राहिली. "बाई, मनी पोर नापास शे का?"

बाईंनी नारळ तिच्या हातात दिला. "नाही हो. घाण तिनेच शोधली. लपवली असती तर मी नापास केली असती." मग योगिताकडे वळून, आईला ऐकू जाईल अशा बेताने, पण चांगलंच कडक आवाजात म्हणाल्या, "तुकडा ओरडतो आणि तू गप्प बसतेस? जिन्यात हाक मारता येत नव्हती?"

योगिता रडली. बाईंनी रडू दिलं आणि उद्या लवकर ये म्हणून सांगितलं.

त्यानंतर दोघींनी जिवाणूंचा नाद सोडला. रक्तपेढीतून रक्तातला द्रव मिळवून त्यातलं सबंध प्रथिन वेगळं काढायचं, त्याचे तुकडे करायचे, ते गाळायचे, धुवायचे, पुन्हा गाळायचे. फेलोशिप संपली तेव्हा संचालकांनी स्वतः धावपळ करून मुदत वाढवून आणली. बाईंनी त्याबद्दल त्यांचे एकदाही आभार मानले नाहीत, पण दर सोमवारी डब्यातून थालीपीठ पाठवलं. कधी तुकडे हाती लागत नसत, कधी पेशीच मरत. बाई रोज तो जिना चढत होत्या आणि मला दिसत होतं की आता डावा पाय उजव्याच्या शेजारी यायला जास्त वेळ घेतो.

शेवटी एका दुपारी योगिता माझ्या वर्गाच्या दाराशी आली आणि तास चालू असताना तिने मला मोठ्याने हाक मारली. मी खडू ठेवला. ही मुलगी हाक मारते याचंच मला इतकं नवल वाटलं की मी तसाच तिच्यामागे गेलो. बाई यंत्राच्या पडद्यासमोर उभ्या होत्या. पेशी भडकल्या होत्या, पण थोड्या. आधीच्या त्या आलेखापुढे हा म्हणजे जमिनीवरचं गवत. शेजारी उकळलेल्या मालाची रेघ होती, सपाट.

"आवाज लहान आहे," मी म्हणालो.

"लहान आहे," बाई म्हणाल्या, "पण तुकड्याचा आहे." आणि त्या खुर्चीवर बसल्या. प्रयोगशाळेत त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मला फार बरं वाटलं. माझं काही त्यात नव्हतं, तरी बरं वाटलं.

योगिता डॉक्टर झाली आणि आमच्याच संस्थेत लागली. बाई निवृत्त झाल्या. गुडघ्यांचं दुखणं वाढत गेलं. एक्स-रेमध्ये झीज दिसायची, पण डॉक्टर म्हणायचे की याहून वाईट गुडघ्यांनी लोक त्र्यंबकची प्रदक्षिणा करतात. घरचे म्हणायचे, वजन कमी कर. कुणी म्हणायचं, निवृत्तीनंतर मन रिकामं झालं की दुखणी सुचतात. बाई हे सगळं ऐकून घ्यायच्या. मला वाटायचं की दुसऱ्या कुणी असं म्हटलं तर बाई फाडून खातात, स्वतःच्या बाबतीत का ऐकून घेतात? एकदा विचारलं. म्हणाल्या, "पगारे, मी आयुष्यभर पेशींचा भडका पाहिला तरी विश्वास ठेवला नाही. माझ्या दुखण्यावर कसा ठेवू? मला काय वाटतं हा पुरावा नव्हे." त्या हसून म्हणाल्या, पण मला ते हसू आवडलं नाही.

शेवटी डावा गुडघा बदलायचं ठरलं. कॉलेज रोडच्या दवाखान्यात, शस्त्रक्रियेच्या सकाळी, योगिता बर्फाचा डबा घेऊन बाहेर उभी होती. बाईंनी संमतीपत्रावर आधीच सही केली होती, गुडघ्यातलं पाणी प्रयोगशाळेला द्यावं म्हणून. स्ट्रेचर आमच्यासमोरून गेलं. केसांवर हिरवी टोपी, चष्मा नाही, बाई ओळखू येत नव्हत्या. दाराशी त्यांनी हात वर केला. वॉर्डबॉय थांबला.

"योगिता, माझं आहे म्हणून सोडू नकोस. आधी उकळ."

"हो मॅडम."

काही आठवड्यांनी आम्ही दोघं त्यांच्या घरी गंगापूर रोडला गेलो. बाई सोसायटीच्या पार्किंगमध्ये वॉकर धरून चालत होत्या, पायांत तेच पळण्याचे बूट. आम्हाला पाहून थांबल्या, पण कशी आहेस, कसे आहात, काही विचारलं नाही. थेट योगिताकडे पाहिलं.

योगिता म्हणाली, "तुमच्या पाण्यातून तुकडे वेगळे काढले मॅडम. पेशी भडकल्या. बाकीच्या पेशंटांपेक्षा पुष्कळ जास्त."

"नळ्या नव्या होत्या?"

"नव्या."

"गाळणी?"

"बदलली. दोनदा केलं, दुसऱ्यांदा सरांनाही उभं केलं." हे खरं होतं. मी उभा होतो.

बाईंनी वॉकरवरची पकड घट्ट केली. "उकळून पाहिलं का?"

"उकळल्यावर एकदम गप्प, मॅडम. रेघ सपाट."

वॉचमनच्या रेडिओवर कांद्याचे भाव चालले होते. बाईंनी खाली आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, नव्या नाही, दुसऱ्या, अजून जुन्याच असलेल्या. पेशी भडकणं वेगळं आणि माणसाला दुखणं वेगळं, एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची नाही, हे बाईंनीच आम्हा सगळ्यांना शिकवलेलं. योगिताही तेच सांगायला तोंड उघडत होती. मी तिच्या कोपराला हात लावला. ती थांबली.

"म्हणजे खरंच दुखत होतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. "इतकी वर्षं. खरंच दुखत होतं की हो, पगारे."

मग त्यांनी वॉकर पुढे टाकला आणि गेटापर्यंतची फेरी पुरी करायला निघाल्या. या वेळी डावा पाय आधी पडला.